कपाचं बटण

"दाबा अन् चहा प्या," असं म्हणून तो खुर्ची मागं सरकवायचा आणि दोन्ही हात वर करून दाखवायचा. बघा, लागतायत का माझे हात कुठं? पुढ्यातला प्रिंटर आपला खडखडत एकेक कागद बाहेर टाकत असायचा आणि हा आम्हा सगळ्यांकडं बघून हसायचा. तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा. ओळखाल लगेच.

नगरच्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत आम्ही शेजारीशेजारी बसायचो. मी कारकून, कायम. तो टंकलेखक, हंगामी. मूळचा कोल्हारचा, भिंगारला खोली घेऊन राहायचा. हंगामी म्हणजे काय, ते सांगते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. तो एक दिवस कशाला, तर नोकरी सलग होऊ नये म्हणून. सलग झाली की माणूस कायम व्हायचा हक्क सांगतो ना! हजेरीपत्रकात आमची नावं शाईनं लिहिलेली असायची, हंगामी लोकांची पेन्सिलीनं.

"ताई, एकदा शाईनं नाव बघायचंय बघा," तो म्हणायचा. "मग मेलो तरी चालंल."

"मर की मग," मी म्हणायची. माझं तोंड असंच आहे.

संगणक त्याला कुणी शिकवला नव्हता. पण एकच पत्र चाळीस वेळा टाईप करायचा त्याला भारी कंटाळा. त्यातून त्यानं ते मॅक्रो शोधून काढलं. म्हणजे काम संगणकाला एकदा शिकवून ठेवायचं आणि टूलबारवर त्याचं बटण बसवायचं. प्रत्येक बटणाला चित्र. वैद्यकीय रजेला बदाम. सुट्टीच्या परिपत्रकाला घंटा. कारणे दाखवा नोटिशीला मासा.

"मासा कशाला रे?"

"गळाला लागला ना बिचारा!"

आम्ही पोट धरून हसलो होतो. सगळ्यात शेवटी आला कप. कप म्हणजे हंगामी ऑर्डरींचं बटण. चहा पिऊन होईस्तोवर साठ ऑर्डरी छापून तयार, म्हणून कप.

आधी हे काम आमचे म्हातारे हेडक्लार्क हातानं करायचे. तोंडात तंबाखूचा तोबरा, समोर तारखांची वही. वर्षाकाठी एखाद्याचा तरी खंड टाकायचे विसरायचे. अशा विसरलेल्या तिघांनी कोर्टात जाऊन निकाल आणला आणि कायम झाले. त्या तिघांतली एक मी. हो, माझी पक्की नोकरी एका म्हाताऱ्याच्या विसराळूपणावर उभी आहे. ते मुद्दाम विसरायचे की काय, देव जाणे. विचारायचं राहूनच गेलं.

कपाचं बटण झालं त्या दिवशी त्यानं मला आधी बोलावलं. "बघा ताई. मागल्या ऑर्डरीची तारीख मशीनच उचलतंय, एक दिवस सोडतंय अन् पुढची टाकतंय. आता खंड ऱ्हायचा न्हाई कुनाचा. चूक व्हायचीच न्हाई."

लहान पोरानं पाटी दाखवावी तसा चेहरा होता त्याचा. मला म्हाताऱ्याची तारखांची वही आठवली. तरी मी काय म्हणाले? "वा, छान."

सेक्रेटरी साहेबांनी पंधरा ऑगस्टला सगळ्यांसमोर त्याला नारळ दिला. त्यानं तो भिंगारला नेला नाही, इथंच फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. मीही खाल्लं.

खंडाच्या दिवशीसुद्धा तो यायचा. सही करायची नाही, पण साठ जणांच्या ऑर्डरी काढायच्या, त्यात आपलीही. साहेब केबिनमधून बाहेर आले की म्हणायचा, "आज मी कायद्यानं हितं न्हाई हां, ताई." आणि कप दाबायचा.

अशा त्याच्या सतरा ऑर्डरी झाल्या. अठरावी चालू होती तेव्हा मीच म्हणाले, चल, माझ्या वकिलाकडं जाऊ. का म्हणाले? मनाला टोचत असणार, दुसरं काय!

वकिलांनी सगळ्या ऑर्डरी टेबलावर मांडल्या, एकेक तारीख बोटानं तपासली. मग चष्मा काढला. "बाई, तुमच्यात एक खंड राहून गेला होता, त्यावर आपण जिंकलो. ह्यांच्यात एक तरी चूक सापडायला हवी होती. सतराच्या सतरा चोख! इतकं काटेकोर काम केलं कुणी हो?"

तो पायातल्या चपलांकडं बघत होता.

"मीच की, साहेब," म्हणाला.

दावा लावून बघू, पण आशा धरू नका, असं म्हणून वकिलांनी कागद परत दिले. आम्ही जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तुमच्यात खंड ऱ्हायला हुता, ह्ये तुमाला ठाव हुतं?"

"होतं."

"मग बटन दाखवलं तवा बोलला न्हाईत."

काय सांगणार होते मी? खरं सांगायचं तर भ्यायले होते. चुकांचा विषय निघाला तर माझीच फाईल वर यायची, ही धास्ती. तुम्ही असता तर बोलला असता? असालही. मी नाही बोलले. "चला, रिक्षा मिळती का बघू," तो म्हणाला.

वकिलाकडं गेल्याची बातमी साहेबांपर्यंत पोचायला चार दिवस लागले. अठरावी ऑर्डर संपली आणि एकोणिसावी काढायची नाही, असा तोंडी निरोप आला. शेवटच्या दिवशी मी संतापून म्हणाले, "पुसून टाक सगळी बटणं! बोंबलत बसू दे मेल्यांना."

"आन् बाकीच्यांच्या ऑर्डरी? त्यांनी काय केलंय?" असं म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं आणि एकेक बटण समजावलं. कुणी बिघडवू नये म्हणून मॅक्रोला पासवर्ड टाकलेला होता. तो एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. "आत ती खंडाची ओळ हाय, ताई. काढायची झाली तर ह्यानं उघडंल." माझ्याकडं न बघताच बोलला. मग डब्याची पिशवी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी साठ ऑर्डरी होत्या त्याच्या एकोणसाठ झाल्या. यादीतून नाव मी काढलं. हजेरीपत्रकातल्या पेन्सिलीवर रबरही मीच फिरवला.

कोल्हारला झेरॉक्सचं दुकान टाकलंय म्हणतात. मी गेले नाही. दोनदा मनमाडच्या रस्त्यानं गेले, तेव्हा कोल्हार आल्यावर डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं. सगळ्या ऑर्डरींवर अहमदनगरचं अहिल्यानगर करायचं होतं. मी चिठ्ठी काढली, पासवर्ड टाकला, आत शिरले. पासवर्डमध्ये त्याचंच नाव होतं, इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं. गावाचं नाव मी बदललं. त्याच्या दोनच ओळी खाली ती खंडाची ओळ होती. काढायला एक बोट पुरलं असतं. एकोणसाठ जणांपैकी कुणाला कळलंही नसतं, आणि कोर्टात कळलं असतं तेव्हा त्यांचं भलंच झालं असतं.

माझ्या पेन्शनीला चार वर्षं राहिली आहेत. मी फाईल सेव्ह केली आणि बंद केली.

चिठ्ठी ड्रॉवरमध्ये आहे, पंचिंग मशीनच्या खाली. दर खेपेला ऑर्डरींचा दिवस आला की मी कप दाबते, खुर्ची मागं सरकवते. शिपाई चहा आणून ठेवतो. तो घशाखाली उतरत नाही, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण उतरतो. शेवटची ऑर्डर बाहेर पडेस्तोवर कप रिकामा झालेला असतो.