आरूच्या तोंडून अक्का

अक्कांचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या स्वयंपाकघरात बोलल्या.

"भूक लागली का माज्या सोन्याला?"

तोच घोगरा आवाज. तोच लाडाचा हेल.

माझ्या हातातलं पातेलं सुटलं.

वळून पाहिलं तर आरू. अक्कांची सहा वर्षांची पोर. भिंतीकडे तोंड करून डुलत होती.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. डेंग्यूनं गेल्या. भाऊजी तेराव्याच्याच रात्री ऊसतोडीला गेले, लेक आमच्याकडे ठेवून.

आरूला ऑटिझम आहे. स्वतःचं असं ती काहीच बोलायची नाही. डॉक्टरांकडून आल्यावर अक्का घरभर सांगायच्या, "येडी न्हाई ती. ऐकलेलं जसंच्या तसं बोलती. पन उगंच न्हाई बोलत."

ऐकतंय कोण!

केजजवळचं आमचं गाव. दुपारपर्यंत ओसरी बायकांनी भरली.

"अक्काचा जीव घुटमळायलाय बाई. भुकेली गेली."

सासूबाईंनी फोटोपुढं निवद ठेवला. आरू ताटाकडे धावली तर तिचा हात धरला. "निवदाला शिवू नको!"

एकीनं तिच्या कपाळावर कुंकू दाबलं. आरूला परका हात सोसत नाही. ती स्वतःचं मनगट चावायला लागली.

आणि अक्कांच्या आवाजात, "थांब, आलेच. आलेच. आलेच."

बायकांनी हात जोडले.

सासूबाईंनी तिथंच ठरवून टाकलं. दर अमावस्येला अक्कांना बोलतं करायला पोरीला पाटावर बसवायचं. डॉक्टरांनी सांगितलेली थेरपी-बिरपी बंद.

मला मात्र अक्का दिसत होत्या. चुलीपाशी. भात वाढता वाढता मागं न बघता म्हणायच्या, "थांब, आलेच."

पोर सकाळपासून उपाशी होती!

जेवायला मागायला तिच्याकडे आईचेच शब्द होते. आणि आम्ही तिच्यासमोर फोटोला जेवू घालत होतो.

मी फोटोपुढचं ताट उचललं. भात आरूपुढं ठेवला.

"बाटवलास की गं निवद!" सासूबाई ओरडल्या.

"अक्कांना न्हाई, हिला भूक लागलीय!" मी पण ओरडले.

आरूनं दोन्ही हातांनी भात खाल्ला. ओसरी हळूहळू रिकामी झाली.

थेरपी मी चालूच ठेवली. एसटीनं अंबाजोगाई, चित्रांची कार्डं, रडारड, पुन्हा कार्डं. आणि अधूनमधून पाठीमागून अक्कांचा आवाज. कळत असूनही दर वेळी मी दचकायचे.

आज वर्षश्राद्ध.

सकाळी माझा पदर ओढला गेला.

"काकू, भात."

जाडसर, अडखळता आवाज. मी कधीच न ऐकलेला. आरूचा स्वतःचा.

आनंदानं रडले मी. मग ध्यानात आलं, अक्कांचा आवाज बऱ्याच दिवसांत आला नाही.

"आरू, आई कशी म्हणायची गं?"

तिनं भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

अक्का, त्या आवाजाला मी लई भ्यायचे. आज घर इतकं गप्प आहे की त्याचीच भीती वाटते.

तुमची लेक बोलायला लागली. तुम्ही निवांत जा.

भात मी वाढते.