किती बॉल खेळलो?

शिनोलीचा हा ओपनर सामना संपला की माझ्याजवळ येऊन एकच प्रश्न विचारतो, "भाऊ, किती बॉल खेळलो?" मी स्कोअरर आहे. स्वतःचे रन त्यानं मला आजवर कधी विचारलेले नाहीत.

त्याला कसोटी खेळायची आहे. मंचरला जाऊन बटाटे आणायचेत, अशा सुरात तो हे सांगतो. गावाकडच्या आठ ओव्हरच्या स्पर्धेत त्याला कोणी घेत नाही. एकदा गडी कमी पडला म्हणून घेतलं, तर पठ्ठ्यानं पहिल्या ओव्हरचे सहाही बॉल सोडून दिले. माइकवाला ओरडला, "ओ राव, पाच दिवस मंडप न्हाई ठेवायचा आमाला!" सगळं मैदान हसलं. मला मात्र त्याचा रागच आला होता.

गेल्या महिन्यात पुण्यात दोन दिवसांचा निवड सामना झाला. निवड समितीचे दोघे बघायला आले होते. समोरच्या टोकाचे त्याचे जोडीदार एकेक करून आऊट होत गेले, हा उभाच. बॉल लागून बोट सुजलं, तरी उभाच. चहाच्या वेळी ते दोघे जांभया देत गाडीत बसले आणि निघून गेले.

संध्याकाळी सुजलेल्या बोटातून ग्लोव्ह निघेना, म्हणून मी हात लावला. मला राहवलं नाही.

"अरे, ते दोघं कधीच गेले. कोणासाठी खेळत बसलास?"

"उद्या येत्याल की," तो म्हणाला. "मी अजून कुठं आऊट झालोय?"