साडूच्या सिगारींवरची साय

माणसाला जळायला फार मोठं कारण लागत नाही, एक साडू पुरतो. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या आमच्या या गृहस्थाला तर साडूही असा मिळाला की विचारू नका! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनियर, अंगानं उंचापुरा, बोलण्यात पुढे आणि सासरेबुवांचा लाडका. दोघे जावई एकदम आले की सासरेबुवा थोरल्याला जवळ बसवून घेत आणि धाकट्याला म्हणत, "तो पंखा जरा बघ रे, आवाज करतोय."

हेही त्यानं गिळलं असतं. पण त्या सिगारी!

साडूनं त्या बंदराबंदरांतून गोळा केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्यासाठी खास कपाट करून घेतलं. आतून सुवासिक लाकूड, समोर काच, ओले स्पंज ठेवायला कप्पे आणि हवेतला ओलावा दाखवणारा काटा. सिगार कोरडी पडली की कामातून गेली, म्हणून तिला कायम बेताच्या दमट हवेत ठेवायचं. पाहुणा आला की साडू एक सिगार काढणार, कानाशी धरून चिमटीत हळूच दाबणार आणि म्हणणार, "ऐका. कुरकुर नाही. म्हणजे तब्येत ठणठणीत." पाहुणे माना डोलावणार. ओढायची मात्र कुणी नाही. आणि याच्या हातात तर कधी दिलीसुद्धा नाही. "तुझ्या बोटांना तेलाचा वास असतो रे," साडू हसून म्हणायचा. हसून म्हणायचा म्हणूनच जास्त झोंबायचं.

याच्या दुकानात सगळा उलटा कारभार. इथे ओलावा म्हणजे वैरी. भिंगं हवाबंद डब्यात, शेजारी ओल शोषणाऱ्या पुड्या. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, आणि ती पुसण्यावरच तर याचं घर चाललं होतं. पण 'या, माझी भिंगं किती कोरडी आहेत बघा' असं म्हणून कधी पाहुणे जमवता येतात का? सांगा!

गेल्या वर्षी साडूकडे सगळे जेवायला जमले होते. जेवणाआधी साडूनं कपाट उघडलं आणि एक पेटी बाहेर काढली. सिगारींवर पांढरं पांढरं काहीतरी आलं होतं.

"साय धरली!" साडूचा आवाज आनंदानं चिरकला. "नशीबवानाच्याच सिगारीवर धरते. आतलं तेल वर येतं. मुरल्याची खूण आहे ही."

सगळे वाकून बघू लागले. हाही वाकला आणि एका नजरेत समजला. कसली साय नि कसलं काय! कापसासारखे बारीक तंतू, टोकाच्या चिरेत मूळ धरलेले. बुरशी. सवयीनं शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात सासरेबुवा म्हणाले, "याला म्हणतात जपणूक. नाहीतर आमच्याकडे काहींना स्वतःची छत्री सांभाळता येत नाही." शब्द तिथेच परत आत गेला. उलट हा म्हणाला, "वा!" त्या दिवशी तो चार घास जास्तच जेवला.

मग दर रविवारी साडूकडे जाऊन कपाटासमोर उभं राहायचा छंदच लागला त्याला. आज किती पसरली, कोणत्या पेटीत गेली, सगळं मन लावून बघायचा. बायकोला वाटलं, चला, दोघांचं सूत जमलं एकदाचं.

पुढे वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला. कपाटामागची भिंत भिजली, फळ्या फुगल्या आणि आत बघतात तर एकूणएक सिगार हिरवट, लिबलिबीत. साडू मटकन खाली बसला. भेटायला माणसांची रीघ लागली. याचा स्वतःचा बाप गेला तेव्हाही एवढी माणसं आली नव्हती! या मेल्या साडूचं दुःखसुद्धा माझ्याहून मोठं, असं मनात येऊन हा तिथेच दात खात बसला.

साडूनं कपाटाचा विमा काढलेला होता. कंपनी म्हणाली, पाइप अचानक फुटला तर भरपाई मिळते, पण हळूहळू चढलेल्या बुरशीची मिळत नाही, आणि ही बुरशी जुनी दिसते. पत्रांवर पत्रं झाली, भांडणं झाली. शेवटी साडू म्हणाला, "माझ्या धाकट्या साडूला विचारा. दर रविवारी त्या कपाटाशी उभा असायचा. माझ्याइतकाच जीव होता त्याचा त्यांच्यावर."

कंपनीकडून पाहणीला सर्व्हेअर बाई आल्या. दिवाणखान्यात सगळे बसले होते, सासरेबुवासुद्धा. निघताना बायकोनं बजावलं होतं, "नुसतं 'मला काही दिसलं नाही' म्हणा. भावजींचं भलं होऊ दे." हाही तेच ठरवून आला होता, खरंच.

बाई म्हणाल्या, "साहेब सांगतात ती साय होती. तुम्हाला काय वाटतं? म्हणजे, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कळतं का? अहो बाई, आयुष्य गेलं माझं बुरशी पुसण्यात!" मग जो सुटला तो थांबेचना. साय बोटानं झटकली की पडते, बुरशी मूळ धरते, ओल वाढली की कशी पसरते, सगळं सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. सासरेबुवा पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे बघत होते. "गेल्या वर्षी पेटी उघडली ना, तेव्हा बघताक्षणी ओळखली मी!"

बाईंचं पेन थांबलं. क्लेम तिथेच बुडाला, हे सगळ्यांना कळलं. साडूला मात्र त्याचं काही नव्हतं.

"ओळखली होतीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस रे? तेव्हा एकच पेटी होती. मी पुसल्या असत्या. त्याच दिवशी बसून एकेक पुसली असती मी."

सासरेबुवांनी मान फिरवली. मेव्हणी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

परत येताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. घराशी आल्यावर तिनं कुलूप काढलं, पण दार उघडलं नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आपल्या घरातलं काय काय ओळखून गप्प बसला आहात तुम्ही?"

तो म्हणाला, "काही नाही गं." तिचा विश्वास बसला नाही, आणि तो आता कशानंही बसणार नाही, हे त्यानं बघताक्षणी ओळखलं.