थेंबबाईंची पेशंट

माझ्या धाकट्या जावेला सगळी गल्ली थेंबबाई म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? ती बायकांच्या दवाखान्यात नर्स आहे. दाराशी तिचं टेबल, टेबलासमोर लांब बाक आणि बाकावर ओळीने पोटुशा बायका. एकेकीला उठवून ती वजन करते, रक्तदाब बघते आणि मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, “दारू-बिरू घेत नाही ना?” बाई म्हणते, “नाही हो.” मग हिचं ठरलेलं वाक्य, “एक थेंबही नाही. थेंब म्हणजे थेंब.” की पुढची.

पंधरा वर्षं हे असंच चाललंय. तिच्या मते एवढ्या काळात आमच्या भागातल्या एकाही गरोदर बाईने ग्लासाला हात लावलेला नाही. दवाखान्याच्या भिंतीला भिंत लागून दारूचं दुकान आहे. त्याचा मालक वेगळं सांगेल, पण त्याला विचारतंय कोण? मी स्वतः धाकट्या मुलीच्या वेळी त्याच बाकावरून उठून “नाही हो” म्हणाले होते. आदल्याच रविवारी बहिणीकडे अर्धा ग्लास बियर घेतली होती. पण सगळा बाक कान टवकारून बसलेला आणि समोर सख्खी जाऊ, दुसरं काय म्हणणार? तिच्या भुवयाच अशा आहेत की जेवलात का विचारलं तरी माणसाने घाबरून ‘नाही’ म्हणावं.

आता स्वतः काही ती कोरडी नव्हती, हे मला ठाऊक आहे कारण मी वरच्या मजल्यावर राहते. खिडकीशी माझं शिवणाचं मशीन आहे आणि खालची गॅलरी मला पूर्ण दिसते. दर शनिवारी संध्याकाळी ती आणि माझे दीर तिथे बसायचे. दीर लिफ्ट दुरुस्त करतात, आठवडाभर लोकांच्या इमारतींत लटकून आलेले असतात. एक बाटली, दोन ग्लास, खारे शेंगदाणे आणि गप्पा. त्यात वाईट काही नव्हतं. घरात मूल नाही, दोघं एकमेकांना धरून होती. मुलासाठी त्यांनी किती दवाखाने पालथे घातले आणि मग एक दिवस तो विषय कसा कायमचा मिटवला, तेही मी वरूनच पाहिलंय.

तर या बाईची पाळी थांबली. वय त्रेचाळीस. “सुटले एकदाची,” म्हणाली आणि त्या आनंदात माझ्याकडे नवा झगा शिवायला टाकला. झगा झाला, घट्ट झाला. उसवून सैल केला. पुन्हा घट्ट. पुन्हा माप घ्यायला टेप लावला आणि मी तिच्याकडे बघत राहिले.

“काय बघता, जाऊबाई? या वयात अंग सुटतंच.”

“अंग सुटलं की चारी बाजूंनी सुटतं. तुझं निवडक ठिकाणी सुटलंय.”

बाई नुसती चालत आली तरी तिला कितवा महिना ते सांगणारी ही. काखेत कळसा नि गावाला वळसा. दुसऱ्या दिवशी तपासणीची पट्टी घेऊन वर आली, माझ्या मशीनच्या दिव्याखाली धरली आणि कापलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसून रडायला लागली. मीही रडले. एका घरात एवढी वर्षं काढली आम्ही, रोज भांडलो, पण एकाच गोष्टीवर दोघी रडलो असं तोवर झालं नव्हतं.

त्या शनिवारी गॅलरीत एकच ग्लास दिसला, तिचा, त्यात लिंबाचं सरबत. बातमी अजून घराबाहेर गेली नव्हती, पण दिरांनी घरात जाहीर केलं होतं की बायकोबरोबर मीही सोडली. शेजारी चहाचा कप घेऊन बसले होते. चहा इतका गार करून पिणारा आणि प्रत्येक घोटाला डोळे मिटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मध्येच आठवण झाली की बिचारे कपावर फुंकरही मारत होते.

आणि मग ती पेशंट आली.

“जाऊबाई, एक पेशंट विचारत होती,” थेंबबाई मला म्हणाली. मी काज करत होते आणि ती उगाचच माझी बटणं रंगांप्रमाणे लावत होती. “कधीतरी, म्हणजे रोज नाही, अगदी एखादे वेळी अर्धा ग्लास घेतला, तर तेवढं चालत असेल का हो?”

नर्स शिंपिणीला विचारतेय. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. ही संधी सोडायला मी काही साधुसंत नाही. मी दोरा दातांनी तोडला, भुवया तिच्यासारख्या वर केल्या आणि म्हणाले, “एक थेंबही नाही. थेंब म्हणजे थेंब.”

ती बटणं तशीच टाकून खाली गेली. माझा तो दिवस फार छान गेला.

ती पेशंट पुढे सगळ्या गल्लीत हिंडली. मला ती माझ्या गिऱ्हाइकांकडून भेटत गेली. औषधाच्या दुकानात तिच्यासाठी चौकशी झाली, तर दुकानदार म्हणाला, “सिस्टर, तुम्हीच मला सांगितलंय की किती घेतली तर चालते हे कुणालाच माहीत नाही, म्हणून घ्यायचीच नाही. तिला तेच सांगा.” मग हिने आईला फोन लावला. आईचं या बाबतीतलं मत पूर्वी फार उदार होतं. आमच्या वेळी थोडी थोडी सगळ्याच घ्यायच्या, असं ती म्हणायची आणि त्यावरून मायलेकींचं चार महिने बोलणं बंद होतं. आता गरज पडली, तर आई म्हणाली, “नको ग बाई, तुझं मला पटलंय. शेजारणीच्या सुनेलाही मी तेच सांगते.” पंधरा वर्षांत पहिल्यांदा आई ऐकायला लागली, तीही नेमकी आत्ता.

शेवटी ती दारूच्या दुकानात गेली. विकत घ्यायला नाही, विचारायला. तिला वाटलं असणार, ज्याचं पोट त्यावर आहे तो तरी थोडी चालते म्हणेल. त्या माणसाने मान वळवून भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर हिचीच पाटी होती, गरोदर स्त्रियांसाठी एक थेंबही नाही. ती लावायला हिने त्याच्याशी भर रस्त्यात भांडण केलं होतं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. “मी धंदा बुडवून ती पाटी ठेवलीय, सिस्टर,” तो म्हणाला. “आता तुम्हीच असं विचारायला लागलात तर कसं व्हायचं?”

डॉक्टरीणबाईंनी मात्र काही सांगितलं नाही. “कोण पेशंट? पाठवा तिला माझ्याकडे,” एवढंच म्हणाल्या.

ती पेशंट कोण यावर आमच्याकडे पैजा लागल्या. कुणी बँकेतल्या उंच बाईचं नाव घेतलं, कुणी कोपऱ्यावरच्या नव्या सुनेचं. मला ठाऊक होतं, आणि मला राग येत होता. इतक्या वर्षांनी पोटात जीव आलाय आणि हिला एका ग्लासाची तलफ आवरत नाही? शनिवारी मी तरातरा खाली उतरले. दिरांनी कपावर फुंकर मारली. मी त्यांना म्हणाले, “भावजी, तो चहा आधी संपवा, मला हिच्याशी बोलायचंय.” आणि तिला सरळ विचारलं, “तुला जमत नाहीये का? खरं सांग. एवढीच तलफ आहे का?”

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी भलतंच काहीतरी बोलले.

“तलफ कसली? मला वासानेसुद्धा मळमळतं,” ती म्हणाली. “मला प्यायची नाहीये. मला फक्त कुणीतरी एकाने म्हणायला हवं होतं की थोडी चालते. म्हणजे झालेली चालली असती.”

“कुठली झालेली?”

“सगळी. तीन महिने मला कळलंच नाही. प्रत्येक शनिवार. तुमच्या लग्नाच्या पंचविशीला दोन ग्लास. आणि तिसरा अर्धा.” तिने पोटावर हात ठेवला होता. “मला फार भीती वाटते, जाऊबाई. जिथे विचारायला जाते तिथे माझंच वाक्य ऐकू येतं.”

ते पंचविशीचे दोन ग्लास मी भरले होते. तिसरा अर्धा तर आग्रह करून. दिरांनी हातातला कप खाली ठेवला आणि तो परत उचलला नाही. मला एकदम इतकी लाज वाटली की त्या दिवशीचा माझा तो थेंब म्हणजे थेंब आठवून कानशिलं तापली.

सोमवारी दवाखाना सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. बाक रिकामा होता. डॉक्टरीणबाई पर्स खांद्याला लावून निघतच होत्या.

“डॉक्टर, ती पेशंट आलीय,” थेंबबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “अहो, यांचं वय काय?”

“माझी पन्नाशी होऊन गेली,” मी म्हणाले. “मी नुसती सोबतीला आलेय.”

मग त्यांना कळलं. त्यांनी पर्स काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, तिला बाकावर बसवलं. वजन केलं, रक्तदाब घेतला. आणि अडल्या. “पुढचे प्रश्न मी कधी विचारलेच नाहीत, ते तुमचं काम. तुम्हालाच पाठ आहेत, म्हणा.”

थेंबबाईने सवयीने पाठ ताठ केली. “दारू-बिरू घेत नाही ना?” असं म्हणाली, आणि त्याच दमात, श्वासही न घेता, तिच्याच तोंडून निघालं, “नाही हो.”

भिंतीपलीकडे दारूच्या दुकानात कुणीतरी खोकी सरकवत होतं.

“मी हे सांगायलाच आले होते,” ती म्हणाली. “आणि बघा काय बोलले.” मग तिने सगळं सांगितलं, शनिवार, पंचविशी, तिसरा अर्धा. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “सगळं ठीकच असेल असं मी लिहून देऊ शकत नाही, ते कुणालाच देता येत नाही. पण कळायच्या आधी अशी थोडी घेतलेल्या खूप जणींची मुलं धडधाकट असतात. कळल्याबरोबर तुम्ही बंद केलीत, ते महत्त्वाचं. आणि मला सांगितलंत, त्यामुळे आता मी नीट लक्ष ठेवीन. न सांगणारीवर मी काय लक्ष ठेवणार?”

हे शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. थेंबबाई मात्र घरी येईपर्यंत तेच पुटपुटत राहिली.

मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात पडदे लावायला गेले होते, ते शिवायला माझ्याकडेच असतात. स्टुलावर चढून मी कड्या ओवत होते. बाक गच्च भरलेला. पहिली बाई उठली, नखं रंगवलेली तरुण पोर. वजन झालं, रक्तदाब झाला. थेंबबाईने खुर्ची टेबलाच्या अलीकडे, तिच्या जवळ ओढली.

“शेवटची कधी घेतली होती?” तिने विचारलं. आवाज असा की मला स्टुलावरून वाकून ऐकावं लागलं.

पोरीचं “नाही हो” निम्मं बाहेर आलं होतं. ते या प्रश्नाला बसेना. ती थांबली.

“मी घेतली तेव्हा मलाही माहीत नव्हतं,” थेंबबाई म्हणाली. “मीसुद्धा आता याच बाकावरची आहे. सांगा.”

“शनिवारी,” पोर म्हणाली. “एकच बियर. मैत्रिणीकडे.”

मी भुवयांकडे बघत होते. त्या जागेवरच राहिल्या.

“बरं झालं सांगितलंत. आजपासून एक थेंबही नाही. आणि आत गेल्यावर डॉक्टरांना हेच सांगा, घाबरू नका.”

तेवढ्यात दाराशी एक बाई थबकली. ती जुनी पेशंट, सातवा महिना, मागच्या खेपेलाच “नाही हो” म्हणून मोकळी झालेली. आज ती फक्त गोळ्या न्यायला आली होती, त्या घेऊन घरी निघाली होती. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मागे वळली आणि बाकाच्या शेवटच्या टोकाला जाऊन पुन्हा बसली.