मौनीबाबा आणि पाच गुण

फ्रिज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा मोहल्ला मौनीबाबा म्हणायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे, आणि वाटलं असतं तरी तो बोलला नसताच. घरात शिरायचा, फ्रिजला कान लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "कॉम्प्रेसर." काम आटपलं की म्हणायचा, "झालं." एवढ्या दोन शब्दांवर त्याचा संसार बरा चालला होता.

बाकीचे शब्द बायकोच्या वाट्याला आले होते. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. फोनवरचा पेशंट "दाढ..." म्हणतो न म्हणतो तोच "डावीकडची ना? मंगळवारी चारला या" म्हणून ती मोकळी. घरी आली की दिवसभराचं सगळं साग्रसंगीत सांगायची, आणि मौनीबाबा ताटाकडे बघत जेवायचा. "भिंतीशी बोलले असते तर निदान आवाज तरी परत आला असता," असं ती शेजारणीला सांगे. त्यात चेष्टा किती आणि दुखणं किती, हे शेजारणीला कधी कळलं नाही.

परदेशी जायचं तिच्या मनाने घेतलं होतं. माहेरचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, तिची थोरली ताई, आणि ती तिकडे एकटी. "जाऊ या?" तिने विचारलं. "जाऊ," तो म्हणाला. चर्चा संपली.

काचेच्या केबिनमधल्या सल्लागाराने मात्र चांगलंच दळण दळलं. त्या देशात कुशल माणसांना गुणांवर घेतात. वयाचे गुण, शिक्षणाचे गुण, अनुभवाचे, इंग्रजीचे. बेरीज भरली तरच बोलावणं. "वय काही आपल्या हातात नाही. चाळिशी गाठली की गुण घसरतात, आणि तुमची उंबरठ्यावर आहे. तेव्हा जे काय करायचं ते आताच." मग त्याने मालकाने दिलेलं अनुभवाचं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. मालकाने मायेने लिहिलं होतं, माणूस सज्जन, अगदी घरच्यासारखा, स्वभावाने अत्यंत शांत.

"अहो, शांतपणाला गुण नसतात! कोणती यंत्रं, नेमकं काय काम, कधीपासून, आठवड्याला किती तास, ते लिहून आणा."

पत्र बदललं, तरी बेरीज भरेना. राहिलं होतं इंग्रजी. "यांनी परीक्षेत चांगले मार्क काढले पाहिजेत," सल्लागार म्हणाला, "आणि वहिनी, तुम्हीही पास झालात तर जोडीदाराचे पाच गुण मिळतील. दोन्ही जमलं तरच काम होईल."

"माझी काळजी सोडा," वहिनी म्हणाल्या. "आधी यांच्या तोंडाचं कुलूप उघडायला हवं."

झालं, जेवताना सराव सुरू झाला. ती परीक्षक. कामाबद्दल सांगा, असं तिने इंग्रजीत विचारलं.

"फ्रिज."

त्यात तुम्हाला काय आवडतं?

मौनीबाबा बराच वेळ विचारात पडला. "कोल्ड."

"अहो, बोला की चार वाक्यं! समोरचा कान लावून तुमचा बिघाड शोधणार आहे का?"

शेवटी तिने युक्ती काढली. गॅस गळतो कुठून, ते सांगा म्हणाली. मौनीबाबाने घसा खाकरला आणि अडखळत का होईना, गॅस गळायच्या सगळ्या जागा इंग्रजीत सांगून टाकल्या. महिन्याभरात तो वाक्यामागून वाक्य बोलू लागला, आणि परीक्षेत चक्क चांगल्या मार्कांनी पास झाला.

नापास झाली ती.

बोलण्यात पैकीच्या पैकी, ऐकण्यात मात्र दाणकन आपटली. रेकॉर्डिंगमधला माणूस भेटीची वेळ मागत होता. तो मंगळवार म्हणाला, हिने लगेच मंगळवार लिहिला आणि मनातल्या मनात त्याला चारची वेळही देऊन टाकली. पुढे तो "नाही, मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी" म्हणाला, ते ऐकतंय कोण? दवाखान्यातली सवय, दुसरं काय.

निकालानंतर ती गप्पच झाली. घरात इतकी शांतता पसरली की मौनीबाबाने उठून फ्रिज चालू आहे ना ते पाहिलं.

"माझ्यामुळे ताईकडे जायचं राहिलं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मौनीबाबाने खुर्ची तिच्यासमोर ओढली. "आता मी बोलतो. तू ऐक. मध्ये बोलायचं नाही. मग काय ऐकलंस ते सांगायचं." लग्नापासूनचं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण होतं.

त्या पाच गुणांचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारे बेरजा करत बसतील. दुसऱ्या खेपेला ते मिळाले, चाळिशीच्या आत मिळाले, आणि तिकडे ताईने एक खोली झाडूनपुसून ठेवली. पण खरी गोष्ट त्याआधीची आहे.

सुरुवातीला तिला काही केल्या राहवत नसे. त्याने "काल मी एका..." म्हटलं की ही "बेकरीवाल्याकडे गेलात ना!" "नाही," म्हणून तो बापडा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. हळूहळू तिला ओठ मिटून बसायची सवय लागली. आणि एका संध्याकाळी मौनीबाबाकडचे सांगायचे फ्रिज संपले.

तो ताटाकडे बघत राहिला. मग सावकाश, शब्द जुळवत, इंग्रजीत सांगू लागला. एक माणूस आहे. संध्याकाळी कामावरून येतो, पण लगेच वर जात नाही. खालच्या जिन्यात थांबतो. वरून एका बाईचा आवाज येत असतो. कधी ती फोनवर बोलते, कधी शेजारणीशी, कोणी नसलं तर कुकरशी. तो आवाज ऐकला की त्याला कळतं, घर नीट चालू आहे. मग तो वर जातो. जेवताना तो बोलत नाही, कारण तो बोलला तर तो आवाज थांबेल.

तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नव्हतं. आता काय ऐकलं ते सांगायची तिची पाळी होती.

"पुन्हा सांगा," ती कशीबशी म्हणाली.

"परीक्षेत एकदाच ऐकवतात."

"ही परीक्षा नाहीये."

मौनीबाबाने ताट बाजूला सारलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी मराठीत.