निजलेल्या माशाचा फोटो

फोटो काढून घ्यायला आलेला माणूस खुर्चीत ताठरून बसला की सुनंदाताई रामटेके म्हणायच्या, "श्वास सोड आधी. मंग पाह्य माह्याकडे." सडक अर्जुनीत त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. ताई जाऊन आता दीड वर्ष होईल, पण आम्हा अनेकांच्या घरात लग्नाचे, बारशाचे फोटो त्यांनीच काढलेले आहेत.

मी शाळेत शिकवायची आणि त्यांच्या शेजारी राहायची. त्यांची भाची अंदमानात नर्स होती. एका सुट्टीत तिच्याकडे जायला निघालेल्या ताई मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मी पाण्याखाली फोटो काढाले जाऊन राहिली. येतेस का?" तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं. "या वयात कायले?" मी विचारलं. "काऊन? माशे वय विचारतेत का?"

तिथे आम्ही बुडी मारायला शिकलो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. गावच्या तलावात पोहत वाढलेल्या ताई लगेच तरबेज झाल्या. मी मात्र भीतभीतच होते.

संध्याकाळच्या पहिल्या बुडीत पाणी काळंनिळं झालं होतं. खडकाच्या फटीतून एक ऑक्टोपस बाहेर आला आणि टॉर्चच्या उजेडात रंग बदलू लागला. ताईंनी कॅमेरा रोखला आणि नेमकं त्याच वेळी माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मी घाबरून हातपाय झाडू लागले. ताईंनी कॅमेरा सोडून दिला. तो दोरीला लोंबकळत राहिला. एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं, दुसरा माझ्या छातीवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोर सावकाश बुडबुडे सोडू लागल्या. मीही तसाच श्वास सोडला. मग आमच्या प्रशिक्षकाने आम्हाला हळूहळू वर आणलं.

होडीत मी रडत म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा फोटो गेला."

"चूप बस. फोटो मंग भेटते. तू कोठून भेटशील वो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा पाण्यात नेलं. त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर खडकाच्या कपारीत एक पोपटमासा निजलेला दिसला. रात्री निजताना तो स्वतःभोवती पातळ पारदर्शक आवरण विणतो. आमच्याबरोबर उतरलेले बाकीचे पर्यटक फ्लॅश मारत सुटले. ताई थांबल्या. सगळे पुढे गेल्यावर टॉर्च बाजूला वळवून त्यांनी अंधूक उजेडात एकच फोटो घेतला.

तो मोठा करून त्यांनी स्टुडिओत लावला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मेला हाये का हा मासा?" फोटो फसला, असंच ताईंच्या मनाने घेतलं होतं. एकदा तो उतरवायला त्या स्टुलावर चढल्या. मी तिथेच होते. तेवढ्यात धिवर मोहल्ल्यातला म्हातारा सुखदेव फॉर्मसाठी फोटो काढायला आला. जन्मभर तलावात जाळं टाकणारा माणूस. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"ताई, निजला हाये ना हा?"

ताई स्टुलावरच थबकल्या. "तुले कसं समजलं, सुखदेवभाऊ?"

"पंख पाह्य ना त्याचे. मेलेल्याचे असे राहत नाही. चांगला गाढ निजला हाये."

ताई खाली उतरल्या. डोळे पुसत मला म्हणाल्या, "दोन चहा सांग वो." मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि एखाद्या विद्यार्थिनीसारखं विचारू लागल्या, "आता सांग भाऊ, आपल्या तलावातले माशे कुठं निजतेत?"