वहिनींच्या दोन किटल्या

दादाचं घर आता परक्यांचं झालंय, पण दाराशी ती चोवीस किलोची केटलबेल अजून तशीच बसून आहे. नवे लोक तिला दार टेकवतात. परवा त्या बाजूला गेलो होतो, म्हणजे मुद्दामच गेलो होतो, तर घरातल्या सूनबाई म्हणाल्या, "आजोबा, हे काय आहे हो? हलतच नाही." मी म्हटलं, "ती माझ्या वहिनींची चूक आहे, आणि वहिनींच्या चुका कधीच हलत नसत." सूनबाई हसल्या नाहीत. त्यांचं दूध गॅसवर होतं. तुमचं नसेल तर बसा, सांगतो.

केटलबेल म्हणजे तोफेच्या गोळ्याला किटलीचा कान लावावा तशी वस्तू. व्यायामाची. वहिनी तिला शेवटपर्यंत किटलीच म्हणत.

दादा माझा थोरला भाऊ. आयुष्यभर लोकांचं सामान हलवलं त्यानं. कपाटं, पलंग, तिजोऱ्या. एकदा दातांच्या डॉक्टरची ती आडवी होणारी खुर्ची पाठीवर घेऊन जिने चढला होता आणि वर पोचल्यावर स्वतःच तिच्यात बसून "जरा दाढ बघता का?" म्हणाला होता. नव्या गड्यांना त्याचं एकच सांगणं असे. "वजनाशी लांबून बोलायचं नाही. जवळ घ्यायचं, पोटाशी. लांब धरलंत की ते दुप्पट होतं."

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. फुंकर मारली तर उडतील अशी अंगकाठी, कानाला हेडफोन, बोटांत प्लगच्या दोऱ्या. अर्ध्या गावाची लफडी त्या कानांतून गेली असतील, पण एक म्हणून बाहेर आलं नाही. माझ्यासारख्या माणसाच्या घरात अशी वहिनी यावी, हा माझ्यावरचा अन्याय आहे. मी म्हणायचो, "वहिनी, त्या कापडवाल्याला दुपारचे फोन कुणाचे यायचे, एवढं तरी सांगा. मी मरायला मोकळा."

"म्हणूनच सांगत नाही, भावोजी. तुम्ही बरेच दिवस जगा."

त्यांचं लग्न झालं तेव्हा लाकडी कपाट दादानं एकट्यानं वर चढवलं. जिन्याच्या वळणावर वरून वहिनी डोकावल्या, याचं लक्ष गेलं आणि कपाटाचा कोपरा भिंतीला घासला. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून पडलेला तेवढाच ओरखडा. पुढे किती वेळा घर रंगवलं, पण तेवढ्या जागेवर वहिनींनी रंगाऱ्याला ब्रश लावू दिला नाही. आणि हीच बाई चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी बसायची नाही. सोफ्यावर दोघं बसले की मधे एक उशी. पाहुणे आले की ती उशी उभी राहायची. मी तिला 'सरहद्द' म्हणायचो आणि वहिनी मला चहा उशिरा द्यायच्या.

मग म्हातारपणी दादाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पण डावा पाय रुसला तो रुसलाच. एक दिवस खुर्चीतून घसरून जमिनीवर बसला. वहिनींना तो उचलेना. मी आणि खालचा शिंपी, आम्ही दोघांनी मिळून त्याला वर घेतलं. तोंडानं "उजवीकडे... अरे, पायाखाली बघा..." असं सारखं चालू होतं त्याचं. आपलंच सामान आपणच हलवून घेत होता.

दुसऱ्या गावाहून मुलगा धावत आला. गुणी मुलगा, पण काळजी वाटली की आवाज चढतो त्याचा. "आई, बस झालं. पुन्हा पडले तर काका आणि शिंपी किती वेळा पुरणार? घर काढून टाकू. माझ्याकडे चला."

त्याच्याकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर. दादा दिवसभर आपल्या खिडकीत बसे. समोर त्याच्याच जुन्या कंपनीचं गोदाम होतं. ट्रक कसा भरताहेत ते बघायचं आणि इथून ओरडायचं, "अरे गाढवांनो, जड आधी!" समोरचे गडी हात करायचे. अकराव्या मजल्यावरून तो कुणाला गाढव म्हणणार होता?

वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा बघू. मी उचलू शकले नाही, तर येऊ तुझ्याकडे."

तळमजल्यावर एक मुलगी भाड्यानं राहायची. व्यायाम शिकवणं हा तिचा धंदा. सकाळी अंगणात ती असली एक किटली दोन पायांमधून मागे नेऊन पुढे झोकायची. दादा खिडकीतून टक लावून बघायचा. मी वहिनींच्या कानाला लागलो, "लक्ष ठेवा हो. या वयात खिडकी वाईट."

वहिनी दादालाच विचारायला गेल्या. तो म्हणाला, "पोरगी नीट उचलते गं. पाठ बघ, फळीसारखी सरळ. सगळं कमरेतून."

झालं. वहिनींनी फोन उचलला. जन्म फोनवर गेलेली बाई, दुकानात कशाला जाईल? "तुमच्याकडे सगळ्यात जड कोणती आहे? तीच पाठवा. माझा माणूस जड आहे." पोचवणाऱ्यानं ती चोवीस किलोची किटली धापा टाकत दाराशी ठेवली आणि पाठ धरून निघून गेला. वहिनींनी दोन्ही हातांनी कान धरून ओढलं. किटली बसली ती बसलीच. दार लागेना. त्या दिवसापासून घरात यायचं म्हणजे तिला वळसा घालून यायचं.

खालच्या मुलीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, वजन नवऱ्यावरून नाही, स्वतःवरून निवडायचं!"

मग आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदारानं वहिनींच्या हातात गुलाबी, प्लास्टिकची, बाहुलीच्या भातुकलीतली वाटावी अशी एक दिली. वहिनींनी ती परत दिली. "ही उचलायला मी कशाला हवी? भावोजी उचलतील." मुलगी एकेक हातात देत होती आणि सांगत होती. बूड सपाट हवं, म्हणजे ठेवल्यावर डुगडुगत नाही. कानात दोन्ही हात मावले पाहिजेत. पकडीवर शिवण नको, तळव्याला फोड येतात. पाठ न वाकवता आरामात उचलता येईल, पण उचलल्याचं कळेल, ती आपली. शेवटी आठ किलोची बिडाची काळी ठरली. वहिनींनी ती मांडीवर घेऊन घरी आणली. रस्त्यात शिंपी भेटला. "बाळ कुणावर गेलंय?" त्याच्यादेखत मी वहिनींना विचारून घेतलं. आठवडाभर चहा बंद.

शिकवणी मात्र जमेना. वहिनी किटली उचलायच्या ती बादली उचलावी तशी, हातांनी, कणा वाकवून. मुलगी म्हणायची, "हात म्हणजे नुसते दोर, आजी. कंबर मागे!" कंबर कशी मागे न्यायची, तेच वहिनींना समजेना. एक दिवस मुलगी वर आली, तेव्हा वहिनी कपाटात कपडे ठेवत होत्या. तेच लग्नातलं कपाट. त्याचा खालचा ड्रॉवर अडतो. दोन्ही हातांत कपड्यांची चळत, म्हणून वहिनींनी मागे न बघता कुल्ल्यानं धक्का दिला आणि ड्रॉवर बंद केला. मुलगी ओरडली, "हेच! आजी, हेच!" वहिनी लाजल्या, कारण मी तिथेच बसलो होतो. आता मी कुठे जाणार?

तेव्हापासून जमलं. आधी स्टुलावरून, मग जमिनीवरून, मग हळूहळू झोके. खुर्चीतून दादा ओरडायचा, "जवळ घे तिला! लांबून बोलू नकोस!" वहिनी दार लावून व्यायाम करायच्या, म्हणजे चोवीस किलोवालीमुळे जेवढं लागेल तेवढं लावून. त्या फटीतून मला दिसायचं. पुढे पुढे त्या दादालाही रोज एकट्यानं उभं करू लागल्या, पण ते मी बघितलेलं नव्हतं. मी गेलो की "नंतर करू," म्हणायच्या.

सुट्टी लागली. मुलगा आला. दाराशी ठेच लागली, तिथूनच त्याचा आवाज चढला. चहा झाल्यावर म्हणाला, "आई, दाखव."

वहिनी दादासमोर उभ्या राहिल्या. समोर मुलगा, बाजूला मी, दारात खालची मुलगी. वहिनींनी हात लांब केले, दादाला दंडाला धरलं, दोघांच्या मधे चांगली एका उशीची जागा ठेवून, आणि ओढलं. दादा हलला नाही. पुन्हा ओढलं. त्यांची पाठ वाकली, मान लाल झाली.

"आई, राहू दे," मुलगा हळू आवाजात म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मुलगी काही सांगायला पुढे होत होती. मी तिचा हात धरला. मला कळलं होतं. रोज जमणारं आज का जमत नाही, ते चाळीस वर्षं त्या उशीची टिंगल केलेल्या माणसाला नाही कळणार तर कुणाला?

दादानं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग समोरच्या गोदामातल्या गड्याला सांगावं तसा मोठ्यानं म्हणाला, "अगं, लांबून काय बोलतेस? जवळ घे की!"

वहिनींचे कान लाल झाले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. गुडघे त्याच्या गुडघ्यांना भिडवले, हात त्याच्या काखेखालून नेऊन पाठीमागे गुंफले, गाल त्याच्या खांद्याला टेकवला आणि ड्रॉवर लावतात तशी कंबर मागे नेली. मग पुढे. दादा उभा राहिला. उजव्या हातानं त्यानं वहिनींची पाठ धरली होती, फळीसारखी सरळ.

तोल सावरला होता, तरी दोघं सुटेनात. मुलगा जमिनीकडे बघू लागला. मीही जिन्याकडे मान वळवली, आणि माझ्या आयुष्यात मी मान वळवल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

वहिनींचा आवाज दमलेला होता. सामान उचलल्यावर दादा गिऱ्हाइकाला जे विचारायचा, तेच आज त्यांनी त्याला विचारलं. "कुठे ठेवू?"

"खिडकीपाशी," दादा म्हणाला. "आणि वळणावर जपून. कोपरा घासशील."